नाच पाहणारं मोहोळ

त्या राज्यात मध होता, पण वाढत नव्हता. माश्या पंख झिजेस्तोवर राबत, तरी दर माशीमागे तिच्या आईच्या काळात जमायचा तेवढाच थेंब जमे. राणीसाहेबांनी फर्मान काढलं: नवी फुलं शोधणाऱ्यांना कोठीतून दुप्पट मध द्या.

विचार वाईट नव्हता हो. रिवाजच तसा होता. शोध्या माशीनं पोटभर मध पिऊन लांब उडायचं, फुलं हुडकायची आणि परत येऊन पोळ्यावर नाचून दिशा, अंतर सांगायचं. मग बाकीच्या तिकडे जात.

कोठी आवडाबाईकडे होती. शेजारच्याच घरांत अळ्या वाढत होत्या, त्यांचंही पोट याच कोठीवर. त्यांच्यावर तिचा भारी जीव. तरी तिनं हात आखडला नाही. शोध लागला की पोरांनाच दोन घास जास्त मिळतील, असं ती मनाला समजावायची.

घोळ झाला तो वाटपात. लांब उडालेल्या पुष्कळजणी रिकाम्या परतत आणि बोलणी खात. मध कुणाला द्यायचा हे ठरवायला नरांचं मंडळ बसलं. हे महाशय जन्मात फुलावर बसलेले नाहीत. त्यांना कळायचा तो नाच. मग काय, जिचा नाच देखणा तिला मध! भिंगरी नावाची एक शोधी माशी अशी थिरकायची की मंडळ डोलायला लागे. बाहेर उडणं म्हणजे वेळ दवडणं ठरलं, आणि हुशार माश्या घरातच तालमी करू लागल्या. भिंगरीनं तर कोठीपलीकडची जागा कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

आवडाबाईनं एकदा भीतभीत विचारलं, की सांगितलेल्या जागी फुलं असतात का. मंडळाचे म्होरके मिशांवरून पाय फिरवत म्हणाले, "ते बघणं कामकऱ्यांचं काम, आवडाबाई. आम्ही शोधाचा दर्जा बघतो."

कामकरी रिकाम्या परतल्या की आळशी ठरत. मध घटला तसा शोधाचा वाटा वाढवला गेला, आणि अळ्या सुकू लागल्या. अखेर कोठीत एकच घर भरलेलं उरलं. आवडाबाई त्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. हा पोरांचा घास आहे, म्हणाली.

"शोध थांबला तर आपण संपलो," राणीसाहेब म्हणाल्या.

हे खरंच होतं. रडत रडत ती बाजूला झाली.

भिंगरी तो मध प्यायली आणि नाचली. असा नाच कुणी पाहिला नव्हता. दिशा स्वच्छ, अंतर स्वच्छ. सगळं मोहोळ त्या खुणेनं उडालं, आवडाबाईही. टेकडीपर्यंत सरळ, तिथून डावीकडे, ओढ्याला वळसा, पुन्हा डावीकडे. एक झाड लागलं, झाडात ढोली, ढोलीत मोहोळ. माश्या खुणेप्रमाणे आत शिरल्या, वर चढल्या आणि आवडाबाईच्या कोठीतल्या त्या शेवटच्या, चाटूनपुसून रिकाम्या घरापाशी येऊन थांबल्या.

मंडळानं अंतर पुन्हा मोजलं. तिळाएवढाही फरक निघाला नाही. इतका अचूक शोध आजवर लागला नव्हता म्हणून म्होरके गहिवरले, आणि भिंगरीसाठी त्यांनी तिथल्या तिथे मध मागवला. सवयीनं सगळ्यांनी आवडाबाईकडे पाहिलं. ती अळ्यांच्या घरांकडे बघत होती. तिथे आता कुणीच तोंड उघडत नव्हतं.