शब्बाथच्या उष्ट्या प्लेटा

शनिवार, ज्यूंचा शब्बाथ, कामबंदीचा पवित्र दिवस. दुपारचा दीड. खारवलीच्या सिनेगॉगमागची खोली. प्रार्थना आटोपून, जेवून माणसं आपापल्या घरी गेली होती. टेबलावर उष्ट्या कागदी प्लेटा, सुरमईचे काटे, माश्या.

"मी चुकलो का, तेवढं सांगा," नथान म्हणाला.

रहमीमकाका बाकावर बसले होते. गावचे हज्जान, चाळीस वर्षं प्रार्थना त्यांनीच चालवलेली. नथान त्यांचा शिष्य, जेरुसलेमला दोन वर्षं शिकून नुकता परतलेला.

"तू तिला काय म्हणालास, ते पुन्हा सांग."

"सिप्पोरामावशी प्लेटा गोळा करून बादलीत टाकत होत्या. मी म्हटलं, जेवण झालं की कागदी प्लेटेचा उपयोग संपला. ती कचरा. शब्बाथ संपेपर्यंत कचऱ्याला हात लावायचा नाही."

"त्यावर ती?"

"म्हणाल्या, मग माश्यांनाही सांग, बाबा, आज शब्बाथ आहे म्हणून."

काकांची मिशी हलली.

"सगळे हसले, काका! मग मलाही राहवलं नाही. म्हटलं, देवाच्या दारात शब्बाथ मोडता, एवढ्या वर्षांत शिकलात काय?"

सव्वीस वर्षं ही खोली सांभाळणारी बाई पदराला हात पुसून निघून गेली होती. पुन्हा या उंबऱ्याला पाय लावणार नाही, एवढंच म्हणाली होती.

"नियम बरोबर सांगितलास," काका म्हणाले. "पुढचा अर्धा गिळलास. किळस येईल असं उष्टं माणसांसमोर पडलं असेल, तर ते हलवता येतं."

"ती सवलत त्यांना कुठं ठाऊक होती? त्यांनी सवयीनं उचललं."

"तुला ठाऊक होती?"

"होती," नथान म्हणाला.

काका उठले. टेबलाच्या टोकाला, पातेल्यामागे, एक कोरी प्लेट होती. ती त्यांनी नथानच्या हातात दिली.

"हिला हात लावता येतो?"

"येतो. वापरलेली नाही."

"आणि शब्बाथला उपाशी राहता येतं?"

"छे! सक्त मनाई आहे. योम किप्पूरचा मोठा उपास त्या दिवशी आला तर तेवढा सोडून, शब्बाथला उपास..."

उत्तर तोंडपाठ होतं, पण पुरं झालं नाही. काकांनी पातेल्यावरचं झाकण सरकवलं होतं. आत एका माणसापुरता भात आणि माशाची एक तुकडी होती.

नथाननं हातातल्या कोऱ्या प्लेटेकडे पाहिलं. मावशी न जेवताच गेल्या होत्या.

"मी आत्ता जातो," तो म्हणाला. "त्यांच्या पाया पडतो. हे माझ्या एकट्याचं पाप आहे."

"एकट्याचं?" काकांनी झाकण परत ठेवलं. "ती वाढत होती. बावीसजण जेवून उठलो... त्यात मी पहिला."