हाकेची वाट

कावळ्यांना माणसांचं बोलणं कळत असे, त्या काळी नदीकाठच्या पिंपळावर एक कावळी आणि तिचा लेक राहत होते. एका सकाळी दोघं नेहमीसारखी फांदीवर चोची घासत बसली असताना साळुंकी सांगत आली, "अगं, द्वारकाकाकू गेल्या."

द्वारकाकाकू रोज नैवेद्यानंतर कुंपणावर भाताची मूद ठेवत आणि "या रे बाळांनो" म्हणून हाक मारत. हाक आल्याशिवाय शिताला चोच लावायची नाही, अशी कावळीच्या घरची शिस्त होती.

दहाव्या दिवशी काकूंच्या मुलाने घाटावर पिंड ठेवला आणि मुकाट्याने हात जोडले. कावळी जागची हलली नाही.

"आई, चल ना. काकूंचा पिंड आहे."

"त्याने हाक कुठे मारली?"

"शहरात राहतो तो. त्याला कुठली ठाऊक असणार रीत? आणि स्टँडवरचे कावळे तर पोरांच्या हातातला वडा पळवतात."

"म्हणून तूही पळवणार? काकू काय म्हणतील?"

खाली मुलगा रडवेला झाला होता. "आई, बाबांना मी एकटं ठेवणार नाही. अजून काय राहिलं गं तुझं?"

लेक हळूच म्हणाला, "त्याला वाटतंय, काकूच रुसल्यात."

कावळीने आणखी थोडा वेळ हाकेची वाट पाहिली. मग तिने पंख उघडले. पण तोवर ऊन चढलं होतं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला होता आणि मुलाने पिंड नदीत सोडला होता.

काकूंच्या पिंडाला कावळा शिवायचा राहिला.