सारजाचं रागाचं गाणं

एकदा काय झालं, एका राजाला गोड गोड ऐकायची सवय लागली. उठल्यावर गोड, जेवताना गोड, न्हाताना गोड! सगळे म्हणायचे, "महाराज, तुमच्यासारखे तुम्हीच." आणि त्याला ते खरं वाटायचं, बरं का!

त्याच्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी कळमवाडी नावाचं गाव होतं. तिथं एक झरा होता, थंडगार. सगळं गाव त्याचं पाणी प्यायचं. गुरं प्यायची, पाखरं प्यायची. मग राजा शिकारीला आला. ओंजळभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "छान आहे. माझ्या बागेत कारंजी करा."

झालं! माणसं आली. पाट खणला, वर दगड लावले, झरा नेला. कुणाला विचारलं का? कुण्णाला नाही! आता बायका उन्हातान्हात दूर नदीवर जायच्या, आणि तिकडं राजाच्या बागेत पाणी नुसतं नाचायचं. सांगताना अजून माझं डोकं तापतं बघा.

त्या गावात सारजा नावाची मुलगी राहायची. बाप गोंधळी, मोठा गाणारा. तो वारला, त्याचं तुणतुणं सारजाला मिळालं. गळा मात्र नाही मिळाला. तिचा आवाज घोगरा, जाडाभरडा, खडकावर फाळ घासावा तसा. लोक हसायचे. सारजा गप्प बसायची. पण आत गाणं होतं हो तिच्या! छातीत धडका द्यायचं आणि त्याला वाट सापडायची नाही.

मग राजानं दवंडी पिटवली. गाण्यानं मला जो खूश करील, तो मागेल ते देईन.

शेजारची अनसामावशी म्हातारी होती, कंबरेत वाकलेली. ती म्हणाली, "सारजे, तू जा. आपला झरा मागून आण."

"मावशे, माझा आवाज ऐकलायस ना?"

"ऐकलाय. पण गावात दुसऱ्या कुणाकडं तुणतुणंसुद्धा नाही गं."

मग सारजा निघाली. दरबारात मंजुळबुवा गात होते. राजाचे लाडके गवई. त्यांनी चांदण्याचं गाणं म्हटलं, आणि राजानं मान डोलावली. सारजाला वाटलं, गाणं असंच असतं. तिनं तसंच म्हणायला तोंड उघडलं. आणि काय सांगू! सूर आलाच नाही. तोंडातून सावरीचा कापूस उडाला. भुरूभुरू सगळ्या दरबारभर! मंजुळबुवांच्या मिशीला चिकटला. सगळे पोट धरून हसले. सारजा खाली मान घालून घरी आली.

मग ती पुन्हा गेली. या खेपेला तिनं राजाची स्तुती जुळवली. राजा दयाळू, राजा कनवाळू. तोंड उघडलं, तर भुसा! गव्हाचा भुसा, मूठ मूठ. राजा शिंकून शिंकून बेजार झाला. मंजुळबुवा म्हणाले, "पोरी, गाणं तुझ्या नशिबात नाही. ते तुणतुणं चुलीत घाल."

बापाचं तुणतुणं म्हणे चुलीत घाल! सारजाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दरबारात नाही रडली ती. तशीच बाहेर पडली आणि बागेच्या फाटकापाशी आली.

बघते तर फाटकात अनसामावशी! सारजाची वाट बघून बघून शेवटी मागोमाग चालत आलेली. ओठ सुकलेले. तिनं फाटकाजवळच्या कारंज्याच्या कडेला आपली लहानशी कळशी बुडवली होती. एवढीच, बरं का, एवढीशी! पहारेकऱ्यानं ती हिसकावली आणि सगळं पाणी गुलाबाच्या आळ्यात ओतून दिलं. म्हणाला, "महाराजांची फुलं सुकतात."

मावशीनं ओल्या मातीवर हात टेकला आणि तोच हात तोंडावरून फिरवला.

ते सारजानं पाहिलं. मग तिच्या टाळूपासून तळव्यापर्यंत आग उठली. तिनं तुणतुण्याच्या तारेवर बोट मारलं. ठरवलं नाही, जुळवलं नाही. गाणंच बाहेर आलं.

"पाण्या रे पाण्या, तू कुणाच्या घरचं?
डोंगराच्या पोटचं, साऱ्या गावाचं!
राजाची कारंजी नाचती थुईथुई,
अनसाच्या कळशीत थेंबसुद्धा नाही!
लाज कशी वाटंना, लाज कशी वाटंना?"

आवाज तोच, घोगरा. पण आता तो घोगरा आवाज खडकाला भिडला. पाटावरचे दगड तडातडा उकलले. कारंजी नाचता नाचता थांबली. पाणी हवेत उभं राहिलं, कान देऊन ऐकल्यासारखं. मग त्यानं राजवाड्याकडं पाठ फिरवली. भिंतीवरून उडी मारली आणि निघालं कळमवाडीला! दावं सोडल्यावर वासरू गाईकडं धावतं ना, तसं.

राजा धावत बाहेर आला. "थांबव ते गाणं!"

सारजा गातच राहिली.

मग राजा गोड झाला. "बरं, गा. पण त्यातलं 'राजा' तेवढं काढ. माझ्या दरबारात गायला ये. सोन्याचं तुणतुणं देतो."

सारजा म्हणाली, "महाराज, कारंजी तुमचीच होती. मग तुम्हाला काढू कसं? आणि सोन्याच्या तुणतुण्यावर हे गाणं वाजायचं नाही."

तेवढ्यात मंजुळबुवा पुढं आले. घसा खाकरून म्हणाले, "महाराज, या पोरीला मीच तयार केलं हो. आमचीच तालीम!"

बघा तरी! आहे का नाही निर्लज्ज?

सारजा म्हणाली, "बुवा, तुमचं चांदणं तुम्हाला लखलाभ. तुम्ही ते छान गाता. मी तसं गायला गेले, तर कापूस निघाला. हे माझं आहे. कुणी शिकवलं नाही मला." आणि तिनं अनसामावशीला हाताला धरून उठवलं.

दोघी पाण्याच्या कडेकडेनं घरी निघाल्या. मावशीनं वाटेत बसून पोटभर पाणी पिऊन घेतलं. त्या पोचल्या, तर झरा जुन्या जागी खळखळत होता आणि सगळं गाव ओलंचिंब होऊन नाचत होतं.

आणि राजा? बाग सुकली, रांजण रिकामे झाले. मग आला की मुकाट्यानं झऱ्यावर, खांद्यावर घागर घेऊन! आल्या आल्या पुढं घुसायला लागला. बायका म्हणाल्या, "महाराज, रांग तिकडं आहे." उभा राहिला हो रांगेत! नंबर आला तेव्हा त्यालाही घागरभर पाणी मिळालं. तहानलेल्याला नाही म्हणायची त्या गावाची रीत नव्हती.

पुढं सारजा बारशाला, लग्नाला कधी गायली नाही. ती गाणी इतर बायका म्हणायच्या, आणि सुरेख म्हणायच्या. पण कुणी कुणाचं शेत बळकावलं, कुणी गरिबाला दारातून हाकललं, की लोक म्हणायचे, "सारजाला बोलवा!" मग सारजा त्या दाराशी उभी राहायची आणि तारेवर बोट मारायची. बहुतेक वेळा पहिल्या ओळीलाच दार उघडायचं.

काय म्हणालास रे? तिचा आवाज गोड झाला का? नाही झाला, मेल्या. कशाला व्हायला हवा?

राजा सुधारला, गाव सुखात राहिलं, सारजा म्हातारी होईपर्यंत गायली. आता पाय आत घ्या, पांघरूण नीट ओढा आणि मिटा बघू डोळे.