नदीकाठचा चिरोटा

"दोन बोटं, बाई! भूकंप झाला तरी ती जमीन दोन बोटांपेक्षा जास्त खचणार नाही. आता तरी शाबास म्हणा."

इंदुमतीबाईंनी आयुष्यभर मुलांना मातीची परीक्षा शिकवली. हेरंब त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि तेवढाच उतावळा. नदीकाठी मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. खालची जमीन भरवशाची आहे की नाही, ते त्याने सांगायचं होतं.

"माती कशी आणलीस?"

"पोत्यात भरून. वाळवली, कुटली, चाळली. मुळात होतं तेवढंच पाणी घातलं. साच्यात ठोकून नमुना केला नि यंत्रावर हलवला. जेमतेम दबला हो!"

"आणि काठावर कशी होती ती?"

"पुराच्या थरांची. बोटभर गाळ, त्यावर चिकणमातीचा पापुद्रा, परत गाळ..."

बाई उठल्या. डब्यातून एक चिरोटा काढला. हेरंबचे डोळे चमकले. तो येणार म्हटलं की चिरोटे ठरलेलेच.

बाईंनी तो त्याच्यादेखत खलबत्त्यात कुटला. चमचाभर दूध घातलं, मुठीत दाबून गोळा वळला.

"घे. चिरोटा."

"अहो बाई, हा कसला चिरोटा!"

"का रे? मैदा तोच, तूप तेच, साखर तीच. काही सांडलं का माझ्या हातून?"

तो खळखळून हसला. मग हसू हळूहळू ओसरलं...

"पण उद्या पाया खणायला माणसं येतायत. मुली पत्र्याखाली झोपतात, बाई. त्यांना अजून थांबायला सांगू?"

गोळा त्याच्या तळहातावर तसाच होता.

शेवटी त्याने फोन लावला.

"उद्या खणू नका... हो, मीच सांगतोय. माती परत तपासायची आहे."

फोन ठेवून तो बाईंच्या पायाशी बसला.

"थर न मोडता ती कशी आणू, बाई?"

बाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग डब्यातला दुसरा चिरोटा, पाकळी न् पाकळी सुटलेला, अलगद त्याच्या ओंजळीत ठेवला.

"हा नदीपर्यंत घेऊन जा. एक पापुद्रा गळता कामा नये."

"मोटारसायकलवर? चुरा होईल त्याचा!"

"मग चालत जा, राजा."