ज्याचा पाईप पोचेल

चिंचखोरीत दौलतअण्णा जगदाळ्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. अण्णांनी बांधाला लागून खोल बोअर घेतला आणि रात्रंदिवस उपसा करून शेततळं भरलं. थेंबही झिरपू नये म्हणून तळ्यात प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरला. इकडे शेजारच्या सगुणाबाईंची विहीर आटली आणि ऐन बहरातली डाळिंबं सुकू लागली.

सगुणाबाईंनी ग्रामसभेत विषय काढला. अण्णा खुर्चीतून न हलता म्हणाले, "वहिनी, जमिनीच्या पोटातलं पाणी कोणाच्या मालकीचं नसतं. ज्याचा पाईप पोचेल, त्याचं पाणी. तुम्हीही पाईप वाढवा की!"

"हा नियम सगळ्यांना लागू?"

"सगळ्यांना," अण्णा म्हणाले, आणि सभेनं सवयीनं माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंची मोटर सुरू झाली. हिला पाणी लागलं तरी कुठे, म्हणून अण्णा बघायला आले, तर पाईप बांधावरून थेट त्यांच्याच शेततळ्यात उतरलेला!

"वहिनी, ही चोरी आहे!" अण्णा असे ओरडले की गाव गोळा झालं.

"चोरी कशी? तळं जमिनीच्या पोटातच खोदलंय. माझा पाईप पोचला."

"अहो, पण मी कागद अंथरलाय! हे पाणी माझं आहे."

"मग कागद काढा, अण्णा," सगुणाबाई म्हणाल्या. "तुमचं असेल, तर तुमच्या बांधाच्या आतच थांबेल."

गाव अण्णांकडे बघत राहिलं, आणि अण्णा सगुणाबाईंच्या विहिरीकडे.