ठकू, घोरासुर आणि तांबुळवाडीचा माळ

सरका, जवळ सरका. गोधडी पुरेल सगळ्यांना. आणि मधूनमधून 'हं' म्हणायचं, म्हणजे मला कळेल कोण जागं आहे ते.

तर एकदा काय झालं, तांबुळवाडी नावाचं एक गाव होतं. गाव केवढंसं? एका टोकाला भाकरी थापली तर दुसऱ्या टोकाला ऐकू यावी, एवढंसं. पण गावामागचा माळ मात्र केवढा तरी मोठा! ऊन कललं की सगळं गाव माळावर. मुलं विटीदांडू खेळायची, मुली फुगड्या घालायच्या, बायका सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायच्या. आणि मोठे बाप्येसुद्धा, बरं का, धोतर खोचून आट्यापाट्या खेळायचे.

आट्यापाट्या ठाऊक आहे ना? जमिनीवर आडव्या रेघा आखायच्या. एकेका रेघेवर एकेकानं उभं राहायचं. बाकीच्यांनी त्यांना हुलकावणी देऊन पलीकडे पळायचं. रेघेवरच्यानं शिवलं की बाद. मात्र शिवताना त्याचा पाय रेघेवरच हवा, नाहीतर बाद नाही.

आणि बाद की नाही, ते सांगायचे धोंडूआबा. आबा म्हातारे होते, एकटे होते. घरात बायको नाही, मूल नाही. पण माळावर त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

मग एके दिवशी डोंगरापलीकडून एक राक्षस आला. त्याचं नाव घोरासुर. त्यानं माळावर हात टेकला. माळ दिवसभराच्या उन्हानं कसा छान उबदार झालेला. "वा!" म्हणाला, आणि पडला की आडवा! डोकं चिंचेपाशी, पाय ओढ्यापाशी. अख्खा माळ त्याच्या अंगाखाली.

"मी इथे निजणार," तो म्हणाला. "आवाज केलात तर एकेकाला कढीसारखा भुरकून टाकीन."

मग काय! लोकांनी दारं लावली. संध्याकाळ झाली की जो तो आपापल्या घरात. गोदा परटिणीला मुलगी झाली, ते पलीकडच्या आळीला बारशानंतर कळलं. दोन शेजारी कशावरून तरी रुसले, ते रुसलेलेच राहिले. माळावर असते तर एका डावात बोलले असते की नाही?

पाटील म्हणाले, "मुलांना विरंगुळा नको का? चला, लांबच्या राजाच्या बागेत जाऊ." मग गाड्या जुंपल्या. रस्ता संपता संपेना. पोहोचले तेव्हा मुलं गाडीतच झोपलेली. बागेत म्हणे गवतावर पाय ठेवायचा नाही, झाडाला हात लावायचा नाही. मोर बघितला आणि आले परत, कंबरा धरून.

गाडीत धोंडूआबांना चढता आलं नव्हतं. म्हणून आपली ठकू त्यांच्याकडे गेली. ठकू म्हणजे कोष्ट्याची लेक. एवढीशी, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. बघते तर आबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. चूल गार.

"आबा, काय दुखतंय?"

"दुखत काही नाही गं पोरी," आबा म्हणाले. "पण संध्याकाळ झाली की कुठे जावं तेच कळत नाही."

ठकू उठली, परकर खोचला आणि निघाली. आई दारातून ओरडली, "अगं, राक्षस आहे तो!"

"असू दे. माळ आपला आहे."

मग ठकू गेली राक्षसाच्या कानापाशी. म्हणाली, "अहो राक्षसबुवा, उठा. हा आमचा खेळायचा माळ आहे." राक्षसानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. नाकातून फुस्सकन वारा सोडला. ठकू गडगडत गेली ती थेट ओढ्यात! परकर पिळला आणि आली परत.

"राक्षसबुवा, उठा."

मग त्यानं करंगळीनं तिला टिचकी मारली. ठकू उडाली ती चिंचेच्या शेंड्यावर! कोपर खरचटलं, वेणी सुटली. रडू आलं, पण रडत रडतच उतरली. आणि आली परत.

"राक्षसबुवा, उठा."

"अजून आहेस?" राक्षस म्हणाला.

"आहे."

"कंटाळत नाहीस?"

"नाही."

"मी उठणार नाही."

"मग निदान कूस तरी बदला," ठकू म्हणाली. "मला थोडी जागा द्या. मी आवाज करणार नाही."

राक्षस वैतागला. पण ही पोर काही जाणार नाही, हे त्याला कळलं. मग तो कुशीवर वळला. माळाची एक पट्टी मोकळी झाली. ठकूनं तिथे लंगडी घातली. एकटीनंच. मुकाट्यानं.

झोपलात का रे? हं म्हणा की. हं.

दुसऱ्या दिवशी महिपती कुंभार दारातून बघत होता. एवढीशी पोर राक्षसाशेजारी एकटी खेळते, आणि आपण आपले दाराआड! त्याला लाज वाटली. मग तोही गेला. मग गोदा गेली, लेकीला पाठीशी बांधून. मग हळूहळू पोरंटोरं. पण सगळं कसं, बिनआवाजाचं! फुगडीला गाणं नाही, नुसते पाय. विटी लागली तर नुसती मान हलवायची. हसू आलं तर पदराचा बोळा तोंडात.

आणि राक्षस? तो घोरायचा. पण ठकूनं पाहिलं, घोरताना त्याचा एक डोळा बारीकसा उघडा असतो. ती कुणाला काही बोलली नाही.

मग एक दिवस ती महिपतीला म्हणाली, "काका, आज आबांना घेऊन या." महिपतीनं आबांना पाठुंगळी घेतलं आणि चिंचेखाली आणून बसवलं. त्या दिवशी आट्यापाट्या मांडल्या. रेघा आखल्या त्या थेट राक्षसाच्या पोटापर्यंत. डाव सुरू झाला. ठकूनं एक रेघ चुकवली, दुसरी चुकवली. तिसऱ्या रेघेवर महिपती. ठकू वाकली आणि राक्षसाच्या कोपराखालून सुळकन निसटायला गेली. महिपतीही मागोमाग आत घुसला, आणि तिच्या वेणीला शिवला.

"बाद!"

आबा ओरडले. खणखणीत! इतक्या दिवसांचा कोंडलेला आवाज तो, आपोआपच सुटला.

सगळ्यांचे पाय जागच्या जागी. गोदानं लेकीला छातीशी धरलं. राक्षसाचे दोन्ही डोळे उघडले. त्यानं मोठ्ठा श्वास घेतला आणि गरजला,

"बाद नाही!"

टपाटप चिंचा पडल्या. मग आबा काय घाबरले? ते काठी टेकत उभे राहिले. "बाद आहे! मी पाहिलं!"

"नाही! त्याचा पाय रेघेबाहेर होता!"

"रेघेवर होता!"

"बाहेर!"

सगळं गाव बघतच राहिलं. तेव्हा ठकू पुढे झाली. म्हणाली, "भांडू नका. मातीत पाय उमटलेला असेल. तो बघू. पण तो तुमच्या कोपराखाली आहे, राक्षसबुवा. उठून बसा."

राक्षस उठून बसला.

"दिसत नाही. तुमच्या मांडीआड आहे. उभे राहा."

राक्षस उभा राहिला.

"आता तुमची सावली पडली. मागे सरा."

राक्षस मागे सरला, आणखी सरला, पार ओढ्यापलीकडे गेला. आणि माळावर ऊन पडलं. अख्ख्या माळावर, बरं का! कितीतरी दिवसांनी.

मग आबा वाकले. माती निरखून पाहिली. महिपतीची टाच रेघेबाहेर पडली होती, चांगली वीतभर. गाव आबांकडे बघत होतं. आबा चुकले म्हटलं तर राक्षस चढेल, पुन्हा येऊन पडेल! पाटलांनी हळूच मान हलवली, सांगू नका म्हणून. पण आबा ताठ झाले आणि म्हणाले, "बाद नाही. मी चुकलो. राक्षसबुवा, तुमचं बरोबर."

राक्षसाचं तोंड उघडंच राहिलं. त्याला आजवर कुणी 'तुमचं बरोबर' म्हणालंच नव्हतं. तो जरा लाजला. मग म्हणाला, "म्हणजे पोरगी जिंकली?"

"अजून रेघा आहेत," ठकू म्हणाली.

"मग खेळा ना! उभे काय राहिलात?"

"आवाज होईल."

"होऊ दे!" राक्षस ओरडला.

मग ठकू पळाली! आणि गाव ओरडलं! बायकांनी पदराचे बोळे काढले, पोरांनी शिट्ट्या घातल्या, रुसलेले शेजारी एकमेकांच्या पाठीत धपाटे घालायला लागले. शेवटची रेघ ठकूनं चुकवली तेव्हा राक्षसानं अशी टाळी वाजवली, की ओढ्यातले मासे काठावर आले!

डाव संपल्यावर तो पुन्हा माळाकडे यायला लागला. ठकू आडवी उभी राहिली. "बघणाऱ्यानं रेघेबाहेर बसायचं. सगळ्यांना तोच नियम."

"मग मी निजू कुठे?"

"डोंगरावर काळा कातळ आहे. माळाहून जास्त तापतो. हात लावून बघा."

राक्षसानं हात लावून पाहिला आणि खूश झाला. तेव्हापासून तो दिवसभर कातळावर निजायचा. ऊन कललं की ओढ्यापलीकडे येऊन बसायचा आणि आबांशी भांडायचा. आबांची चूल पेटली, पण तिची गरजच पडेना. आज गोदाकडे पिठलं, उद्या महिपतीकडे आमटी. पाटलांनी गाड्या सोडून ठेवल्या आणि धोतर खोचलं.

झालं! तांबुळवाडीचे लोक दमून भागून घरी गेले, पोटभर जेवले आणि सुखानं राहिले. तसेच तुम्हीही राहा. आता गोधडी वर ओढा, डोळे मिटा. हं म्हणायचीही गरज नाही.