भागाजीच्या दारावरची रास

खडकवळणला चर्चच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, धोंड्यांची एक रास आहे. पुरुषभर उंच. नवखा माणूस तिला पडक्या गढीचा ढिगारा समजतो, एखादा म्हसोबा समजून हातही जोडतो. मग गावातले कोणी वडीलधारे त्याला बाजूला बसवून सांगते, की या धोंड्यांखाली देव नाही, चोराचा उंबरठा आहे.

फार जुनी गोष्ट. तेव्हा चर्चची मंडळी गरीब होती. अर्पणाला नाणे नसे, म्हणून प्रत्येक घरची बाई पीठ दळायला बसण्याआधी मूठभर बाजरी प्रभूच्या नावाने वेगळी काढी. ती सारी बाजरी चर्चमागच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात साठे. अडल्यानडल्याला तिचाच आधार. पेवाचा कारभार भागाजीकडे होता. बंद पेवातली वाफ माणूस मारते, हे सगळ्यांना ठाऊक होते. भागाजी म्हणे, "तुम्ही लेकुरवाळी माणसं. वाफ लागायची. मी एकटाच उतरतो." लोकांना त्याचे केवढे कौतुक! देवाच्या धान्याला कोण हात लावणार, असे म्हणून कोणी कधी आत डोकावलेसुद्धा नाही.

राहीबाई नावाची विधवा होती. तिला एकच लेक, सलोमी. घरात दोनच मुठी असल्या तरी राहीबाई एक मूठ पेवासाठी काढी, असे सांगतात. पुढे दुष्काळ पडला. झाडांचा पाला संपला, तेव्हा पेव उघडले. वर वीतभर बाजरी निघाली, खाली नुसते भूस. भागाजीने पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली, की धान्य किडीने खाल्ले. त्याच वर्षी त्याच्या घरावर नवे कोरे पत्रे चढले होते. ते सगळ्यांना दिसत होते. पण अर्धे गाव त्याचे सोयरे, उरलेले अर्धे त्याचे मिंधे. कोणी बोलले नाही. त्याच आठवड्यात सलोमी भुकेने गेली.

पुढच्या रविवारी चर्चच्या पाळकांनी पवित्र शास्त्रातला आखानाचा अध्याय वाचला. त्याने देवाला वाहिलेले सोने चोरून तंबूत पुरले आणि इस्राएल लोकांनी त्याला धोंडमार करून त्याच्यावर धोंड्यांची रास रचली. उपासना संपताच राहीबाई उठली.

"पाळकबाबा, मग आपण कधी रचायची?"

पाळक गडबडले. "बाई, ते जुन्या करारातलं. आपण नव्या करारातली माणसं. आपण क्षमा करायची."

"आणि मंडळीच्या पैशापायी खोटं बोलून जागच्या जागी मेला तो हनन्या? तो कोणत्या करारातला?"

हनन्या नव्याच करारातला होता. राहीबाई बाहेर पडली, ओढ्यातून एक धोंडा उचलला आणि भागाजीच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवला.

भागाजी ओट्यावर पान खात होता. तो हसला. "वहिनी, आणखी आणा. ओट्याला कुंपण फुकटात होईल."

"आणते की," ती म्हणाली.

तिने आणले. दर रविवारी, उपासनेहून थेट. तो धोंडे ओढ्यात फेकी, ती परत आणी. मग एके रविवारी, म्हणे, तिच्या मागे आणखी एक बाई उभी होती. तिचाही म्हातारा त्या दुष्काळात गेला होता. त्यानंतर पुरुषांना लाज वाटली. बैलगाड्या जुंपल्या गेल्या. एकाही माणसाने भागाजीला बोट लावले नाही, शिवी दिली नाही. फक्त येऊन धोंडा ठेवायचा आणि जायचे. त्याची बायको माहेरी निघून गेली. दार बुजले. भागाजी मागची भिंत फोडून ये-जा करू लागला.

शेवटी तो अंधार पडायच्या वेळी राहीबाईच्या झोपडीशी आला. "वहिनी, दोन पोती घालतो तुमच्या घरात. कोणाला कळायचं नाही. एवढं थांबवा."

"पेवात एकटाच उतरत होतास ना? आता सगळ्यांदेखत चढ."

रविवारी भागाजी त्या राशीवर चढला. बाजरी कोणत्या व्यापाऱ्याला विकली, कोणत्या बाजारी विकली, सारे त्याने वरून सांगितले. पुढे घरावरचे पत्रे उतरवून विकले गेले आणि त्या पैशांचे धान्य घरोघर वाटले. त्या रविवारी राशीवरून उतरताच त्याने राहीबाईपुढे हात जोडले. पाळक म्हणाले, "आता क्षमा कर, बाई. त्यानं कबूल केलं."

"माझ्या मुठीची केली," राहीबाई भागाजीकडे बघून म्हणाली. "सलोमीची मी कशी करू? ती कबरेत आहे. तिला विचार."

असे म्हणून तिने पदराआडचा धोंडा काढला आणि राशीवर ठेवला. भागाजी त्याच दिवशी गाव सोडून गेला. तो कुठे मेला, हे खडकवळणने कधी विचारले नाही.

पेव केव्हाच बुजले. आजही या गावात मंडळीचे अर्पण बंद खोलीत मोजत नाहीत. राशीशेजारी घोंगडी अंथरतात, दोन वेगवेगळ्या घरांतली माणसे मोजतात आणि येणारा-जाणारा उभा राहून बघतो. मध्येच एखादा शिकलासवरलेला खजिनदार दुखावतो. म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

तेव्हा घोंगडीपाशी बसलेली कोणीही म्हातारी मान वर न करता म्हणते, "आहे की रे बाबा. भागाजीवरही होता."